सोयाबीनची पट्टी आणि ठेवींचं व्याज रिटर्नमध्ये राहून गेलं, आता दुरुस्ती कशी करायची?

औसा_गुरुजी · ९ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आकारणी वर्ष २०२५-२६ चं (म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नाचं) आयकर रिटर्न २८ ऑगस्टलाच आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये भरलं, ई-व्हेरिफायही झालं. नवी करपद्धत. पगार ९,८०,००० आणि त्यातून कापलेला कर ४२,१२० एवढंच त्यात दाखवलं. देणं शून्य, परतावा शून्य.

परवा एआयएस (आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक) उघडून पाहिलं तर राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज ३१,००० आणि बचत खात्याचं ४,६०० तिथं दिसायलंय. त्याशिवाय पतसंस्थेच्या ठेवीचं १८,४०० व्याज मिळालं होतं, ते एआयएसमध्ये कुठंच नाही. आणि सोयाबीन ५० क्विंटल मोंढ्यात (बाजारात) गेलं, ४,२०० च्या भावानं पट्टी (विक्रीची पावती) २,१०,००० ची, खर्च ७०,००० च्या आसपास. तेही दाखवलेलं नाही.

विचारायचं असं की, बँकेनं कर कापलाच नाही, मग ते व्याज करपात्र आहे का? बचत खात्याचं दहा हजारांपर्यंत माफ असतं ना? पतसंस्थेचं दिसतच नाही तर दाखवावं का? आणि शेतीचं काय? दुरुस्ती करायची तर कुठून सुरुवात करू?

---

भूम_परंडा · ९ डिसेंबर

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे गुरुजी, ते दाखवायची काहीच गरज नाही. फक्त बँकेचं व्याज टाका आणि मोकळे व्हा.

---

हिशेबनीस_नांदेड · ९ डिसेंबर

वरचं उत्तर अर्धं बरोबर आहे, आणि गुरुजींच्या बाबतीत उरलेल्या अर्ध्यातच पैसे अडकलेत. तिकडे येतो, आधी व्याज.

बँकेनं कर कापला नाही कारण आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये साठच्या आतल्या माणसासाठी कपातीची मर्यादा ४०,००० होती. ३१,००० त्याखाली बसतं. (१ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली, ज्येष्ठांसाठी एक लाख.) पण ती मर्यादा बँकेनं कापायची, तुमची करमाफी नव्हे. व्याज पहिल्या रुपयापासून करपात्र.

बचत खात्याच्या दहा हजारांची वजावट कलम ८०टीटीए खाली मिळते, ती फक्त जुन्या पद्धतीत. तुमची नवी, म्हणून ४,६०० पूर्ण धरा.

पतसंस्थेचं एआयएसमध्ये न दिसण्याचं कारणही साधं आहे. सहकारी बँक नसलेल्या सहकारी संस्थेनं सभासदाला दिलेल्या व्याजावर, संस्था फार मोठी नसेल तर, कर कापावा लागत नाही. कपात नाही म्हणून नोंद नाही. याचा अर्थ ते उत्पन्न नाही असा होत नाही. संस्थेकडून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चा व्याजाचा दाखला घ्या, पासबुकाच्या नोंदीवर विसंबू नका. त्यात कधी कधी आधीच्या वर्षाचं व्याज एप्रिलमध्ये जमा झालेलं असतं.

म्हणजे इतर मार्गांचं उत्पन्न ३१,००० + ४,६०० + १८,४०० = ५४,०००. पगारातून ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन ९,०५,००० उरले होते, आता एकूण उत्पन्न ९,५९,०००. एवढंच असतं तर कर उपकरासह ४७,७३६ झाला असता, कापलेले ४२,१२० वजा जाता ५,६१६ भरून विषय संपला असता. देणं दहा हजारांच्या आत असल्यानं आगाऊ कराचा प्रश्न नाही, व्याजही नाही.

आता शेती. कलम १०(१) नं शेतीच्या उत्पन्नावर कर नाही हे खरं. पण निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ सवलतीच्या (नव्या पद्धतीत त्या वर्षी ३ लाख) वर असेल, तर दर ठरवताना ते जोडतात. शेती खाली अंथरायची आणि पगार तिच्यावर ठेवायचा, असं समजा. शेतीवर कर लागत नाही, पण पगाराचं वरचं टोक चढ्या दराच्या पायरीत जातं.

तुमचे आकडे घालून पाहा. निव्वळ शेती १,४०,०००.
९,५९,००० + १,४०,००० = १०,९९,००० वर कर: ६४,८५०.
३,००,००० + १,४०,००० = ४,४०,००० वर कर: ७,०००.
फरक ५७,८५०, त्यावर ४ टक्के उपकर २,३१४, एकूण ६०,१६४.
कापलेला ४२,१२० गेला की देणं १८,०४४.

‘करमुक्त’ सोयाबीननं कर १२,४२८ रुपयांनी वाढवला. शिवाय देणं दहा हजारांच्या पलीकडे गेलं, म्हणून आगाऊ कर न भरल्याचं कलम २३४बी आणि २३४सी चं व्याजही मागं लागलं.

आणखी एक. आयटीआर-१ मध्ये शेतीचं उत्पन्न ५,००० पर्यंतच चालतं. त्यामुळे नुसती आकड्यांची दुरुस्ती भागणार नाही, सुधारित रिटर्न आयटीआर-२ मध्ये भरावं लागेल. मूळ एका फॉर्ममध्ये आणि सुधारित दुसऱ्यात, हे चालतं.

---

मोंढा_वही · ९ डिसेंबर

गणित बरोबर आहे, पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडं घरातल्या नोकरदाराच्या नावानं पट्टी फाडायची आणि पैसे त्याच्या खात्यात घ्यायचे ही सर्रास पद्धत. जमीन वडिलांची किंवा भावाची असेल तर उत्पन्न त्यांचं, खात्यात कुणाच्याही येवो. उलट जमीन तुमची आणि पट्टी भावाच्या नावावर असेल तरी वाटा तुमचाच. वडिलोपार्जित आहे आणि वाटणीच झालेली नाही, तर एकत्र कुटुंबाचा प्रश्न येतो, त्याला मात्र सीएच्या पुढ्यात कागद घेऊन बसा.

आणि तो ७०,००० चा खर्च कसा काढला? पट्टीवरचा आकडा हमाली-तोलाई कापून आलेला असेल तर ती खर्चात परत धरू नका. पीककर्जाचं व्याज खर्चात येतं, मुद्दल येत नाही. मुद्दल खर्चात घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बियाणं, खत, फवारणी, पेरणी-कोळपणीचं भाडं, सोंगणीची मजुरी, मळणीयंत्राचं पोतं मोजून दिलेलं भाडं हे सगळं चालतं. घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी काल्पनिक धरू नका. कृषी सेवा केंद्राची बिलं नसतील तर निदान मजुरीची वही तारखेसह ठेवा.

---

औसा_गुरुजी · ९ डिसेंबर

बरं झालं विचारलंत. मे २०२४ मध्ये वडिलांनी तहसीलमधून वाटणी केली, फेरफार होऊन आम्हा दोघा भावांचे वेगळे सातबारे झाले, सारखं क्षेत्र. माल दोघांचा मिळून एकाच गाडीत गेला, पट्टी माझ्या नावावर. भावाचे निम्मे पैसे त्याच आठवड्यात त्याच्या खात्यात ऑनलाइन पाठवले. खर्चही निम्मा-निम्मा. ७०,००० हा पट्टीच्या बाहेरचाच खर्च आहे, कर्जाची मुद्दल त्यात नाही.

---

हिशेबनीस_नांदेड · १० डिसेंबर

मग तुमचा वाटा ढोबळ १,०५,०००, खर्च ३५,०००, निव्वळ ७०,०००. भावाला पाठवलेल्या रकमेची बँकेतली नोंद आणि दोन्ही सातबारे जपून ठेवा. उद्या खात्यातल्या २,१०,००० बद्दल कुणी विचारलं तर उत्तर त्याच कागदांत आहे.

नवं गणित:
१०,२९,००० वर कर ५४,३५०, ३,७०,००० वर ३,५००, फरक ५०,८५०.
उपकर २,०३४ धरून ५२,८८४. कापलेला ४२,१२०. देणं १०,७६४.

दहा हजारांची रेघ ७६४ रुपयांनी ओलांडली, त्यामुळे व्याज आहेच. २३४बी म्हणजे एप्रिलपासून भरण्याच्या महिन्यापर्यंत दरमहा १ टक्का, महिना सुरू झाला की पूर्ण धरतात. डिसेंबरात भरलं तर ९ महिने. रक्कम खालच्या शंभरात उतरवायची: १०,७०० चे ९ टक्के ९६३. २३४सी हे आगाऊ कराचे चार हप्ते चुकल्याचं: जूनचा १५ टक्के हिस्सा १,६०० वर ३ टक्के ४८, सप्टेंबरचा ४५ टक्के हिस्सा ४,८०० वर १४४, डिसेंबरचा ७५ टक्के हिस्सा ८,००० वर २४०, मार्चला पूर्ण १०,७०० वर १ टक्का १०७. बेरीज ५३९.

एकूण १०,७६४ + ९६३ + ५३९ = १२,२६६, दहाच्या पटीत १२,२७०. मूळ रिटर्न मुदतीत भरलेलं असल्यामुळे विलंबशुल्क नाही आणि उशिरा रिटर्न भरल्याचं २३४ए चं व्याजही नाही.

पोर्टलवर हेच आकडे आपोआप येतील. नाही आले तर बहुधा शेतीचा रकाना चुकलाय असं समजा.

---

जालन्याची_ताई · १० डिसेंबर

गुरुजी, कृतीचा क्रम लिहिते, कारण गाडी अडते ती इथं.

पोर्टलवर लॉगिन करून ई-फाइल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, फाइल इन्कम टॅक्स रिटर्न. आकारणी वर्ष २०२५-२६ निवडा. कलम १३९(५), म्हणजे रिव्हाइज्ड. १३९(४) चुकूनही निवडू नका, ते मुदतीत अजिबात न भरलेल्यांचं आहे. फॉर्म आयटीआर-२. मूळ रिटर्नचा १५ अंकी पोचपावती क्रमांक आणि भरल्याची तारीख लागेल, पावती समोर ठेवूनच बसा.

सुधारित रिटर्न म्हणजे फरकाचं पुरवणीपत्र नव्हे. संपूर्ण रिटर्न नव्यानं भरायचं असतं, ते जुन्याची जागा घेतं. फक्त राहिलेलं व्याज टाकून पगार रिकामा सोडणारेही पाहायला मिळतात, म्हणून सांगितलं. आयटीआर-२ मध्ये पगाराची फोडही मागतात: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं वेगवेगळं. फॉर्म १६ च्या भाग ब मधून किंवा शालार्थ वेतनप्रणालीच्या वार्षिक वेतनपत्रकातून घ्या, बेरीज ९,८०,००० लाच जुळली पाहिजे.

व्याज शेड्यूल ओएसमध्ये (इतर मार्गांचं उत्पन्न). बचत खातं वेगळ्या ओळीत, ठेवी वेगळ्या. बँक आणि पतसंस्था दोन्ही ठेवींच्याच ओळीत एकत्र चालतील.

शेती शेड्यूल ईआयमध्ये (करमुक्त उत्पन्न). ढोबळ प्राप्ती १,०५,०००, खर्च ३५,०००, निव्वळ ७०,००० तो स्वतः काढतो. निव्वळ शेती ५ लाखांच्या वर असती तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरात, स्वतःची की बटईची, बागायत की कोरडवाहू हेही भरावं लागलं असतं. तुम्हाला नाही.

मग कर भरा. ई-पे टॅक्समध्ये आकारणी वर्ष २०२५-२६ (२०२६-२७ नव्हे! इथली चूक दुरुस्त करायला वेगळी खटपट लागते), प्रकार सेल्फ असेसमेंट टॅक्स ३००. चलान निघालं की त्यावरचा ७ अंकी बीएसआर कोड, ५ अंकी चलान क्रमांक, तारीख आणि रक्कम शेड्यूल आयटीमध्ये (भरलेल्या कराचा तक्ता) टाका. देणं शून्य दिसलं की मगच सबमिट.

---

आष्टीकर · १० डिसेंबर

याच धाग्यात विचारतो, माफ करा. माझं रिटर्न प्रोसेस होऊन ६,३०० परतावा आलाय, प्रोसेस झाल्याची कलम १४३(१) ची सूचनाही आली. आता एक ठेव राहिल्याचं कळलं. तरी सुधारता येतं का? आणि दुसरं, एका मल्टिस्टेट सहकारी संस्थेत दामदुप्पट ठेव आहे, पैसे शेवटी एकदम मिळणार. तिचं व्याज आता दाखवायचं का?

---

हिशेबनीस_नांदेड · १० डिसेंबर

भाऊ, सुधारता येतं. १४३(१) ची सूचना म्हणजे आकारणी पूर्ण झाली असं नव्हे. जास्त गेलेला परतावा सीपीसी (आयकर खात्याचं प्रक्रिया केंद्र) नंतर मागणी म्हणून काढते. तशी मागणी आली की रेग्युलर असेसमेंट टॅक्स ४०० या प्रकारात भरायची, ३०० मध्ये नाही.

दामदुप्पटीचं असं. इतर मार्गांच्या उत्पन्नाला कायदा रोखीची (पैसे हाती आल्यावर) किंवा उपार्जित (व्याज जमत जाईल तसं) पद्धत, कुठलीही एक, सातत्यानं पाळायची मुभा देतो. संस्था दरवर्षी व्याज जमा दाखवून एआयएसमध्ये पाठवत असेल तर दरवर्षी दाखवलेलंच बरं. नाहीतर शेवटच्या वर्षी सगळं एका दमात येऊन वरच्या पायरीत जातं. पैसे अडकलेल्या संस्थांचं मात्र वेगळं. रोखीची पद्धत पहिल्यापासून पाळली असेल तर हाती न आलेलं व्याज उत्पन्नात येत नाही. अर्ध्यातून पद्धत बदलली तर ते टिकणार नाही.

---

मोंढा_वही · १० डिसेंबर

एआयएस बघताना अजून एक बघा. एकाच ठेवीचं व्याज कधी दोनदा दिसतं, एकदा एसएफटी-०१६ (बँकेनं कळवलेलं व्याज) म्हणून आणि कर कापला असेल तर कलम १९४ए (व्याजावरची कपात) खाली. दोन्ही बेरजेत धरले की उत्पन्न दुप्पट. तिथं त्या नोंदीवर ‘दुसऱ्या माहितीत समाविष्ट’ असा अभिप्राय द्या, रिटर्नमध्ये एकदाच घ्या. संयुक्त ठेवीत पहिलं नाव ज्याचं त्याच्याच पॅनवर अख्खं व्याज दिसतं, तेही तपासा.

जाता जाता, गुरुजी, सातबारा नावावर आला म्हणून कुणी पीएम किसानचा अर्ज भरून दिला असेल तर तो काढून घ्या. सरकारी नोकर (गट ड सोडून) आणि आयकर भरणारे त्यात अपात्र आहेत, वसुली लागते.

---

औसा_गुरुजी · ११ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्यात. त्याच्या आदल्या वर्षी (आकारणी वर्ष २०२४-२५) पण २२,००० व्याज दाखवायचं राहिलंय. शेती तेव्हा वडिलांच्या नावावर होती. त्या वर्षाचंही असंच सुधारित भरायचं का? आणि यंदाचं ३१ डिसेंबरपर्यंत जमलं नाही तर?

---

हिशेबनीस_नांदेड · ११ डिसेंबर

आकारणी वर्ष २०२४-२५ च्या सुधारित रिटर्नची मुदत (वाढवून दिलेली) १५ जानेवारी २०२५ ला संपली. त्याला आता आयटीआर-यू (मुदतीनंतरचं अद्ययावत रिटर्न), कलम १३९(८ए). कर आणि व्याजाच्या बेरजेवर जादा कर लागतो आणि तो वेळेनुसार चढतो: आकारणी वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६०, ४८ पर्यंत ७०. शेवटच्या दोन पायऱ्या २०२५ च्या वित्त कायद्यानं आल्या, आधी दोनच वर्षं मिळायची.

तुमचं ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्क्यांत बसतं. त्या वर्षीची कोष्टकं वेगळी होती (प्रमाणित वजावट ५०,०००, ६ ते ९ लाखांना १० टक्के). २२,००० पूर्ण त्या पायरीत येत असतील तर कर २,२८८, जादा कर ५७२, मिळून २,८६०. आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच भरता येतं आणि त्यानं परतावा वाढवता येत नाही, म्हणून त्या वर्षाचं एआयएस आणि पतसंस्थेचा दाखला दोन्ही हातात आल्याशिवाय भरू नका.

यंदाचं ३१ डिसेंबरला हुकलं तर तेही आयटीआर-यूच. जानेवारीत भरलं तर (२३४बी चा दहावा महिना धरून) १२,३७३ वर २५ टक्के, म्हणजे सुमारे ३,१०० रुपये फुकट. त्याहून वाईट म्हणजे नोटिशीची वाट पाहणं. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी मात्र तुम्हाला दिलासा आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नाला ८७ए ची सूट आहे, आणि ती मोजताना शेती एकूण उत्पन्नात धरत नाहीत. तुमचा कर शून्यावर येईल. तरी रिटर्न आयटीआर-२ मध्येच आणि शेती दाखवूनच. अतिवृष्टीचं जे अनुदान यंदा आलं ते या २०२५-२६ च्या हिशेबातलं, आताच्या सुधारित रिटर्नमध्ये ते मिसळू नका.

---

जालन्याची_ताई · ११ डिसेंबर

एक सापळा राहिला. सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण ३० दिवस उलटल्यावर केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात. डिसेंबरात भरलेल्या सुधारित रिटर्नला त्याचा अर्थ असा की ते ३१ डिसेंबरनंतरचं ठरतं, म्हणजे बाद, आणि जुनंच रिटर्न उभं राहतं. कागदी प्रत बंगळुरूला टपालानं पाठवण्याच्या भानगडीत पडूच नका. आधारशी मोबाइल जोडलेला आहे का ते आधी पाहा. नसेल तर बँक खात्याच्या ईव्हीसीनं (पडताळणी कोडनं) होतं, पण ते खातं पोर्टलवर पडताळलेलं लागतं.

---

औसा_गुरुजी · १४ डिसेंबर

पतसंस्थेचा दाखला मिळाला, १८,४०० च आहे. आयटीआर-२ मध्ये पोर्टलनं १२,२७० च दाखवलं, चलान भरलं. पण शेड्यूल आयटीमध्ये टाकूनही वर देणं १२,२७० तसंच दिसायलंय, शून्य होईना.

---

जालन्याची_ताई · १४ डिसेंबर

शेड्यूल आयटी ‘कन्फर्म’ करून बाहेर या आणि पार्ट बी-टीटीआय (एकूण कराचा हिशेब) परत उघडून तोही कन्फर्म करा, त्याशिवाय बेरीज ताजी होत नाही. तरीही राहिलं तर चलानाची तारीख दिवस-महिना उलटी पडली आहे का आणि बीएसआर कोडच्या सुरुवातीचं शून्य गळालं आहे का ते बघा. पुन्हा पैसे भरू नका.

---

औसा_गुरुजी · १४ डिसेंबर

शून्यच गळालं होतं ताई. देणं शून्य झालं, सबमिट केलं, आधार ओटीपीनं व्हेरिफायही झालं.